दाजी, तो पास आता 50,000 चा झालाय

"पास नाय काढला? मग कशाला जाताय लगा एवढ्या लांब!"

काल दुपारी आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच सोफ्यावर मांडी घालून, आमच्याच वाटीतल्या भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात, जपानच्या रेल्वे पासावरून दाजी हे बोलले. बोलून वर हसले. आईपण हसली. बायको आत चहा टाकत होती, ती पण हसली असणार, मला भांड्यांच्या आवाजावरून कळतं.

जपानला जायचं ठरल्यापासून रोज रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून बसतोय. तोक्यो-क्योतो किती, क्योतो-हिरोशिमा किती, लेकीचं अर्धं तिकीट, आईचं पूर्ण. सगळं एक्सेलमध्ये. रंगसुद्धा दिलेत. पिवळा म्हणजे पक्कं, गुलाबी म्हणजे अजून चौकशी चालू. त्या सगळ्यावर या माणसानं तोंडात शेंगदाणा चावत चावत पाणी फिरवलं.

दाजी जपानला जाऊन आलेत. 2019 ला. ही गोष्ट साताऱ्यापासून मिरजेपर्यंत ज्याला ठाऊक नाही असा माणूस कुणी दाखवावा, मी त्याला माझ्या खर्चानं जपानला नेतो. तेव्हा त्यांनी सात दिवसांचा, देशभर चालणारा रेल्वे पास काढला होता आणि तो 'वसूल' केला होता. बरोबरच होतं की त्यांचं, त्या वेळी. पास तीस हजार येनांच्या आत मिळायचा आणि तोक्यो-क्योतो नुसतं जाऊन आलं तरी जवळपास तेवढे पैसे सुटायचे. डोळे झाकून घ्यावा असाच पास होता तो.

पण दाजी, ऑक्टोबर 2023 मध्ये त्या सात दिवसांच्या पासाची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली. एका फटक्यात. जवळजवळ सत्तर टक्के वाढ! जानेवारी 2025 ला एसटीनं 14.95 टक्के भाडं वाढवलं तर तुम्ही आठवडाभर फोनवर दुसरं काही बोलत नव्हता. आणि इथं सत्तर टक्के म्हणजे "असू दे की, सोय हाय नव्हं."

मी म्हटलं, दाजी, दोन मिनिटं द्या, आकडेच दाखवतो. लॅपटॉप आणला. चालू व्हायला वेळ लागला (त्याला आठ वर्षं झालीत, त्यालाही मान आहे). तेवढ्यात दाजी म्हणाले, "ते एक्सेल-बिक्सेल ठेव बाजूला. हितं अनुभव बोलतोय."

अनुभव बोलतोय!

आता घरच्या जावयाला उलट काय बोलणार? आमच्याकडं जावई म्हणजे वर्षानुवर्षं जावईच राहतो. त्याचे केस पिकले, त्याची पोरं लग्नाला आली, तरी तो आला की उशी आपण द्यायची आणि मुद्दा पण आपणच सोडायचा. मी लॅपटॉप मिटला. चहा घेतला. तोही साखर कमी झालेला.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं बोलतो. आम्ही उतरणार तोक्योला आणि परतीचं विमान ओसाकाहून. म्हणजे तोक्योला मागं यायचंच नाही. तोक्यो-क्योतो बुलेट ट्रेनचं सुट्टं तिकीट चौदा हजार येनांच्या आसपास. क्योतोहून हिरोशिमा जाऊन-येऊन चोवीस हजारांच्या आत. झाले अडतीस. पास 50,000. मोठ्या माणसामागं बारा हजार येन कशाचे द्यायचे? अनुभवाचे? तीन मोठे आणि एक अर्धी धरली तर रुपयांत वीस हजारांच्या वर जातात. आणि हे आम्ही एवढं फिरतोय म्हणून अडतीस तरी होतायत. तोक्योहून थेट फुकुओकाला, हजार किलोमीटरच्या वर, जाऊन परत आलं तरी सुट्ट्या तिकिटांचे 50,000 होत नाहीत! मग हा पास परवडतो कुणाला? जो सात दिवस गाडीतून उतरतच नाही त्याला.

बरं, 50,000 मोजल्यावर तरी राजासारखं बसवतात का? नाही. नोझोमी ही या मार्गावरची सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेन आणि तासाला सगळ्यात जास्त सुटणारी पण तीच. पासवाल्यांना ती 2023 पर्यंत बंदच होती. आता बसू देतात, पण वरचे पैसे भरून. तोक्यो-क्योतोला 4,960 येन. पास असून! नाहीतर मग थांबा फलाटावर, हिकारी ही जरा सावकाश जाणारी बुलेट येईपर्यंत, समोरून एकेक नोझोमी जाताना बघत. तोक्योच्या मेट्रोत हा पास चालत नाही. फुजी बघायला कावागुचिकोला जायचं तर ओत्सुकीपर्यंत चालतो, पुढची लाइन खाजगी कंपनीची, तिथं वेगळं तिकीट.

हे सगळं मला गावातल्या एका एजंटानं सांगायला पाहिजे होतं. त्याच्याकडं सुरुवातीलाच गेलो होतो. एसी होता, जपानचं मोठं चित्र होतं, चेरीची फुलं, मागं डोंगर. "सर, पास म्हणजे एकदम टेन्शन फ्री." मी विचारलं, मेट्रोत चालतो का? "सगळीकडं चालतो सर." कावागुचिकोपर्यंत? "सगळीकडं सर." नोझोमीला? "सर, तुम्ही फॅमिलीबरोबर जाताय ना? मग एवढं कशाला बघताय?" फॅमिलीबरोबर जातोय म्हणूनच बघतोय ना बाबा! एकटा असतो तर स्टेशनच्या बाकड्यावर झोपलो असतो.

टेन्शन फ्री हा शब्द ऐकला की माझं बीपी वाढतं, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि ही 'वसूल'ची बाधा काय आजची नाही. आमच्या आप्पांना एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास भयंकर प्रिय. चार दिवसांचा पण मिळायचा, पण आप्पा सात दिवसांचाच काढायचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही सगळे लाल डब्यात. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, तिथनं पुढं जिकडची गाडी लागली असेल तिकडं. लॉजचे पैसे वाचावेत म्हणून रात्रीचा प्रवास. मला त्या तीर्थक्षेत्रांतलं एकही देऊळ आठवत नाही. स्टँड सगळे आठवतात. कुठल्या स्टँडवर चहा पाणचट, कुठं नळाला पाणी नाही, कुठं कंट्रोलर माइकवरून नुसताच खाकरतो, सगळं पाठ. एका गावी आक्का रडायला लागली की आता मला कुठंच जायचं नाही. आप्पा म्हणाले, "अजून दोन दिवस शिल्लक हाईत, वाया घालवायचे व्हय?" त्याच आक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी. काय योग असतात.

पासानं हेच होतं. क्योतोत निवांत एका देवळाच्या पायरीवर बसलोय, आणि डोक्यात काय? आजचा दिवस वाया चाललाय, पास चालू आहे. हिरोशिमाला निघा, नाहीतर नाराला चला, कुठंतरी चलाच. सात दिवस म्हणजे सलग सात दिवस, मध्ये एक दिवस आईचे गुडघे धरले तरी तो मोजला जाणार. सुट्ट्या तिकिटात ज्या दिवशी जायचं त्या दिवशीचे पैसे, नाही जायचं तर घरी... म्हणजे हॉटेलवर झोपा. पण सुट्टं तिकीट म्हटलं की आपल्या लोकांना कसंतरीच होतं. एवढ्या लांब जाऊन सुट्टं? जसं काय पास गळ्यात अडकवल्याशिवाय सम्राट भेटायलाच तयार नाही.

आईनं तेवढ्यात विचारलं, "सिनियरला सूट असंल की रे तिकडं?" आई, तिकडचं सोड, आपल्याच रेल्वेनं मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली ती अजून परत दिली नाही. कोरोना गेला, मास्क गेले, सवलत काही आली नाही. आणि दाजींच्या साताऱ्याचं स्टेशन! ते गावापासून एवढं लांब माहुलीकडं आहे की गाडीतून उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो. दाजी तिथनं रिक्षावाल्याशी भांडून आले की मग आमच्याकडं येऊन जपानच्या रेल्वेवर बोलतात. तात्काळचं तर मी काढतच नाही. सकाळी दहाला एसी, अकराला बाकीचं, आणि दहा वाजून एक मिनिटानं वेटिंग. जपानमध्ये पण बुलेट ट्रेनची तिकिटं महिनाभर आधी सकाळी दहालाच सुटतात हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. दहा हा आकडाच माझ्या मुळावर आहे.

परवा बायको म्हणाली, "तुम्ही एक्सेलमध्येच क्योतोला जाऊन आलाय. आता आम्हाला तेवढं न्या." तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. क्योतो स्टेशनचा कुठला फलाट कुठल्या बाजूला ते मला माहीत आहे. देवळांची नावं विचारली तर मी दोन सांगीन आणि तिसरं चुकीन. भाऊ फिरायला निघालाय का ऑडिटला, असं माझे मित्र विचारतात. त्यांना मी पिवळा रंग दाखवतो.

आता खरी ठेच. रात्री राग शांत होईना म्हणून परत बसलो आकडे घेऊन. आणि सापडलं काय, तर पश्चिमेकडच्या भागापुरता एक छोटा पास आहे, कन्साई (म्हणजे क्योतो-ओसाकाकडचा भाग) आणि हिरोशिमाचा, पाच दिवसांचा. किंमत मोठ्या पासाच्या निम्म्याहून पुष्कळ कमी. हिरोशिमा जाऊन-येऊन, नारा, ओसाका, विमानतळाची गाडी, सगळं त्यात. मियाजिमा बेटाची रेल्वेची फेरी बोट पण. आणि गंमत बघा, शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेटचं स्टेशन) ते हिरोशिमा हा छोटा पास नोझोमीत वरचे पैसे न भरता चालतो! 50,000 वाल्याला 'वरचे पैसे भरा', आणि त्याच्या निम्म्यालाही न पोचणाऱ्या पासाला 'या बसा'. हे कुणाच्या डोक्यातनं निघालं असेल त्याला आप्पांच्या शेजारी बसवून सात दिवस लाल डब्यातनं फिरवला पाहिजे. क्योतो ते शिन-ओसाका तेवढं साध्या गाडीनं जायचं, तेवढ्या टप्प्यात या पासावर बुलेट चालत नाही. ठीक आहे, अर्ध्या तासाचा प्रश्न.

म्हणजे तोक्यो-क्योतो सुट्टं आणि पुढं छोटा पास. हिशेब चोख. एवढा आनंद झाला की रात्री साडेअकराला मी फॅमिली ग्रुपवर टाकलं: कन्साईचा पास घेतोय.

सकाळी उठून बघतो तर दाजींचा मेसेज. "शेवटी पासच काढला. सांगत होतो." खाली तीन अंगठे. त्याच्या खाली आक्काचा अंगठा. त्याच्या खाली आईचा! आईला मेसेज पाठवता येत नाही, मीच टाइप करून देतो. अंगठा बरोबर देता आला.

मी उत्तर लिहायला घेतलं. हा तो पास नव्हे, तो देशभराचा, हा एका भागाचा, तो 50,000 चा... लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ऑफिसला उशीर झाला. शेवटी मी पण अंगठा टाकला.

आता बाकी राहिल्या दोन गोष्टी. एक, बॅगा. लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली की तोक्यो-क्योतोच्या बुलेटमध्ये मोठ्या बॅगेची जागा आधी राखून ठेवायची, नाहीतर हजार येन दंड. आईची बॅग टेप लावून मोजली तर आई म्हणाली, "माप काय घेतोस, ब्लाउज शिवायचाय का?" त्यात मेतकूट आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, पाच किलो बासमती पण निघाला असता, मी वेळेत पोचलो.

दुसरी, खिडकी. तोक्योहून जाताना फुजी उजवीकडं दिसतो. त्या बाजूची खिडकी म्हणजे ई नंबरची सीट, आणि एका रांगेत ई एकच असते. आई म्हणते मला पाहिजे, लेक म्हणते मला, बायको काही म्हणत नाही म्हणजे तिला पाहिजेच. मला तर पाहिजेच आहे, गुलाबी रंगात लिहून ठेवलंय. मग तोडगा निघाला की चार रांगांत चार ई. एकामागं एक चौघं, कुणाच्या शेजारी कुणी नाही, सगळ्यांच्या शेजारी अनोळखी जपानी माणूस आणि चटणीची पिशवी नेमकी कुणाच्या मांडीवर द्यायची यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.