संगणक आला, रजिस्टर गेलं नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीखालोखाल सध्या जुंपते ती आरोग्य केंद्राच्या संगणकावरून. एक गट म्हणतो, इंटरनेट द्या, सगळं ऑनलाइन करा, फॉरेनसारखं. दुसरा म्हणतो, आधी डॉक्टर द्या, मग ते डबे. मी इंग्लंडात राहतो, म्हणून ‘तुमच्याकडे कसं असतं रे?’ असं विचारून मलाही मध्ये ओढतात.

तर ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये इथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण गळाले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. पुढचे रुग्ण मुकाट्याने बाहेर पडले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा संगणकांना बंद पाडणारा व्हायरस आला तेव्हा कित्येक रुग्णालयांनी पुन्हा पेन-कागद काढला. २००२ ची देशव्यापी संगणकीकरण योजना तर अब्जावधी पौंड ओतून २०११ मध्ये मोडीत निघाली. तेव्हा ‘फॉरेनसारखं’ जरा जपून.

तरीही मी संगणकाच्या बाजूचा आहे, तो माकडतापामुळे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात गोचिडी चावून होणारा हा आजार २०१६ पासून ठाण मांडून आहे. काजूच्या बागेत माकड मेलेलं सापडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी माणसं शोधू लागतात. ती खबर केंद्रापर्यंत त्याच दिवशी गेली तर आसपास फवारणी होते, लोकांना तिकडे जाण्यापासून थांबवता येतं. चार दिवसांनी गेली तर तोवर कुणीतरी पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करून आलेलं असतं. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचंही तेच.

पण खबर भरायची कुणी? आमची वहिनी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. दिवसभर ती रजिस्टरात लिहिते आणि संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर, जिथे दोन दांड्या रेंज मिळते तिथे उभी राहून तेच सगळं मोबाइलमध्ये भरते. तिचं म्हणणं, “रेंज असता तेवा सायट चलना नाय, सायट चलता तेवा लाइट नसता.” शिवाय महिनाअखेरीला तेच आकडे वेगळ्या कागदावर, कारण वरच्या ऑफिसला सहीचा कागद लागतो. इथे माझा डॉक्टर माझ्याशी बोलता बोलता टाइप करतो, औषधाची चिठ्ठी परस्पर केमिस्टकडे जाते, आणि नोंद तिथेच संपते. एकदाच. मला हेवा वाटतो तो या ‘एकदाच’चा, यंत्र काय, तिच्याकडेही आहे.

२०२३ च्या अखेरीला राज्यातल्या आशा सेविकांनी ऑनलाइन कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा ग्रुपवर त्यांना कामचुकार म्हणणारे निघाले. त्यातले निम्मे स्वतःचं लाइटबिलसुद्धा मुलाकडून भरून घेतात!

माझी मागणी साधी आहे. नवं ॲप आणायचं असेल तर त्याच दिवशी त्या कामाचं रजिस्टर बंद करा. ॲपने रेंज नसताना माहिती साठवून ठेवावी आणि रेंज आली की आपोआप पाठवावी. जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते यांसारखं चक्रीवादळ आलं की विजेचे खांब आडवे होतात, टॉवर बंद पडतात. तेवढ्यासाठी कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा कपाटात असू द्या, आणि नंतर ते भरायला माणूस द्या. तो माणूस वहिनी नको.

डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीचा वाद वेगळा आहे. त्यात मी दुसऱ्या गटाचा.