शाल-श्रीफळ राहू द्या, बिल तेवढं वेळेवर द्या

परवा आठवडी बाजारात दादाला ओळखीचे एक तात्या भेटले. मी शेजारीच उभी होते, हातात दोऱ्याच्या कोनांची पिशवी. तात्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काय दिवस आले रे लेकरा. टीव्हीवर दिसायचास, आता टेलरकी करायलास." त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. दादा हसून "चाललंय तात्या" म्हणाला, पण गाडीवर बसल्यावर घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. मोठं झालंय, पण वेळ काढून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. दादा कबड्डीत उजवा कोपरा सांभाळायचा. घोटा धरला की सोडत नाही अशी त्याची ख्याती होती. तालुका, जिल्हा, राज्य असं करत तो व्यावसायिक लीगपर्यंत गेला आणि तीन हंगाम खेळला. चौथ्याच्या सरावात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन, नऊ महिने व्यायाम, परत मैदान. पण पुढच्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही. वय २८. आज दादा-वहिनीचं जर्सी बनवायचं युनिट आहे: छपाई, कटिंग, शिलाई सगळं एका पत्र्याच्या शेडमध्ये. मी बी.कॉम. केलंय, हिशोब माझ्याकडे असतो. म्हणून जे लिहितेय ते वहीतलं आहे, ऐकीव नाही.

आपल्याकडे खेळाडूचं भलं झालं असं कधी म्हणतात? नोकरी लागली की. आणि त्यात खोटं काही नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात गेला, तिथून स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे वळला आणि २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ला गोल्ड कोस्टला कुस्तीत सुवर्ण जिंकलं आणि तो पोलीस उपअधीक्षक झाला. धाराशिवची सारिका काळे खो-खोतली अर्जुन पुरस्कार विजेती, आज क्रीडा अधिकारी आहे. या सगळ्यांचा अभिमान मला शब्दांत सांगता येणार नाही. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यातूनही कितीक पोरं-पोरी मार्गी लागली.

पण पदकापर्यंत पोचणारी बोटावर मोजण्याएवढी. त्यांच्या मागे राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, लीगचे दोन-तीन हंगाम खेळून तिशीच्या आत थांबलेले हजारो आहेत. प्रो कबड्डी २०१४ला सुरू झाली, अल्टिमेट खो-खो २०२२ला. आपल्या मातीतल्या खेळाला पैसा आला, फार चांगलं झालं. पण आता पहिल्यांदाच अशी पोरं गावात परत येतायत ज्यांनी चार पैसे पाहिलेत, ज्यांना लोक ओळखतात, आणि ज्यांच्यापुढे अजून तीस-पस्तीस वर्षं कमवायची आहेत. त्यांना पुढं काय करायचं ते कोण सांगतं? सल्ले मिळतात ते ठरलेले. हॉटेल टाक. प्लॉटिंगमध्ये घाल. झेडपीला उभा राहा, नाव आहे तुझं. नाहीतर पोलीस भरतीची अकॅडमी काढ.

अकॅडमीचा विचार दादाने खरंच केला होता. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, हे शिकवायला त्याच्याइतका माणूस तालुक्यात शोधून सापडणार नाही. पण पहिल्याच चौकशीला जी पोरं आली, त्यातल्या निम्म्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. मुकादमाच्या उचलीतून फी भरतो म्हणाली. दादाने त्यांना पहाटे फुकट पळवायला सुरुवात केली, आजही पळवतो, पण त्याचा धंदा करायला त्याचं मन तयार झालं नाही. जे प्रामाणिकपणे अकॅडमी चालवतात त्यांना माझा विरोध नाही. हे त्याचं त्याच्यापुरतं.

मग जर्सी कशी सुचली? कबड्डीची जर्सी कुठं फाटते ते दादाला विचारा. पाठीवर नाही, पोटावर नाही. काखेच्या शिवणीत फाटते. पकड होताना समोरच्याच्या बोटांत सगळ्यात आधी तेच कापड येतं, आणि चढाई करणारा रेषेकडे झेपावला की सगळा ताण तिथं बसतो. बाजारात जी तयार जर्सी मिळते ती उभं राहून फोटो काढायला ठीक असते. दोन सामन्यांत उसवते. दादाने घरातल्या पाच-सहा जुन्या जर्सी उसवून जमिनीवर पसरल्या, वहिनीला जवळ बसवलं आणि काखेत शंकरपाळ्यासारखा वेगळा तुकडा लावून पाहिला. आधी ओव्हरलॉक शिलाई, वरून फ्लॅटलॉक. मग स्वतः घालून अंगणात पुतण्याला म्हणाला, ओढ. पोरगं लोंबकळलं तरी शिवण हलली नाही. तो दिवस मला आठवतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो मोठ्यानं हसला होता.

पुढं कुठंतरी वाचताना मला रेने लाकोस्तची माहिती मिळाली. मगरीचं चित्र असलेले टी-शर्ट तुम्ही पाहिले असतील. ते या माणसाचे. तो फ्रान्सचा मोठा टेनिसपटू. त्या काळी टेनिस खेळायचं तर लांब बाह्यांचा कडक शर्ट घालावा लागे. त्याला त्यात हात मोकळा फिरवता येईना, म्हणून त्याने आखूड बाह्यांचा विणलेल्या कापडाचा शर्ट घालायला सुरुवात केली, आणि १९३३ला एका कापडवाल्याला भागीदार घेऊन कंपनीच काढली. मगर हे त्याचं खेळातलं टोपणनाव. दादाला वाचून दाखवलं तर तो एवढंच म्हणाला, "बघ, त्याला पण काखेतच अडचण होती."

मला जे सांगायचंय त्यातला अर्धा भाग हा आहे. खेळाडूकडे नाव असतं म्हणून त्याने धंद्यात यावं असं सगळे म्हणतात. नाव दोन वर्षांत विरतं. त्याच्या अंगात जे मुरलेलं असतं ते विरत नाही. खेळणाऱ्याला कुठं बोचतं, काय तुटतं, मॅटवर कोणता बूट घसरतो, सामन्याआधी पोटाला काय झेपतं, हे दुकानात बसलेल्या माणसाला दहा वर्षांत कळत नाही ते याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पैलवानाने दुधाचा, खुराकाचा धंदा करावा, धावपटूने बुटाचा करावा. हॉटेल का टाकायचं?

आता उरलेला अर्धा, आणि तो कडू आहे.

दादाचे तीन करार झाले. पहिल्यातून विहीर खोदली. दुसऱ्यातून घराची स्लॅब पडली. तिसऱ्यातून थोरल्या ताईचं लग्न. एक पैसा त्याने उधळला नाही, ते पैसे आम्ही घरच्यांनी खाल्ले, हे मी आज कबूल करते. त्याला कुणी विचारलं नाही की तुझ्या स्वतःच्या नावावर काय राहिलं. प्रत्येक करारातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात यायच्या आधीच आयकर, कापला जात होता. रिटर्न भरलं असतं तर त्यातला बराचसा परत मिळाला असता. पण रिटर्न भरायचं असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात इन्कम टॅक्सचा पेपर देत होते आणि माझ्या सख्ख्या भावाचं रिटर्न भरलेलं नव्हतं! उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्यानंतर परतावा सरळ मागता येत नाही, उशीर माफ करा म्हणून आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तिसऱ्या वर्षाचा मिळाला. आधीच्या दोन वर्षांचा गेला तो गेलाच.

आणि प्रश्न फक्त त्या पैशाचा नव्हता. कर्जासाठी एका बँकेत गेलो. साहेबांनी चहा पाजला, दादासोबत सेल्फी काढला, मुलाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. पंधरा दिवसांनी फाइल परत आली. तीन वर्षांची रिटर्न्स जोडलेली नाहीत.

शेवटी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून वहिनीच्या नावावर दुसऱ्या बँकेत प्रकरण केलं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी नीट लिहिते, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. आम्ही प्रकरण केलं तेव्हा महिलेच्या नावावर ग्रामीण भागात प्रकल्प असेल तर स्वतःचा वाटा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के होतं. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला तेच १० आणि २५. पण हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, त्यावर व्याज नाही, आणि युनिट नीट चालू असेल तर पुढं कर्जात वळतं होतं. "सबसिडी आली की मशीन घेऊ" म्हणणारा तिथंच फसतो. आमच्या वेळी दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा नियम होता, तोही माहीत असू द्या.

वहिनीचं नाव नुसतं कागदावर नाही. ती स्वतः राज्य स्पर्धेपर्यंत खो-खो खेळलेली. लग्न झालं आणि खेळ सुटला, तेव्हा तिला "पुढं काय" असं विचारणारंही कुणी नव्हतं. एकदा जानेवारी २०२५च्या खो-खो विश्वचषकाचा विषय निघाला, आपली मूळची बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे कप्तान होती, तर वहिनी कटिंगच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळी जर्सी पण पोरांच्या मापाच्या मिळायच्या." आता पोरींच्या संघाचं माप ती स्वतः जाऊन घेते. शिलाईला दोघी जणी आहेत, दोघी तिच्याच जुन्या संघातल्या.

सुरुवात सोपी नव्हती. पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी व्होल्टेज पडलं. छपाईचा कागद कापडावर दाबताना साधारण २०० अंश उष्णता लागते. ती कमी भरली आणि गडद मरून रंगाच्या २४ जर्सी विटकरी निघाल्या. सगळ्या वाया. दादा रात्रभर शेडमध्ये बसून होता. पण ते नुकसान आम्ही पचवलं, कारण ती चूक आमची होती आणि शिकण्यासारखी होती. स्टॅबिलायझर बसवला, विषय संपला.

जे पचत नाही ते उधारीचं.

दादाला जिल्हाभर लोक ओळखतात. ऑर्डर येतात त्या त्यामुळेच. पण ओळखीचा माणूस म्हटलं की पैसे नंतर. "आपलाच पोरगा आहे", "स्पर्धा होऊ दे", "वर्गणी जमू दे", "ग्रँट आली की देतो". एका मंडळाने स्पर्धेच्या उद्घाटनाला दादाला बोलावलं, शाल, श्रीफळ, फेटा, सगळं केलं, माइकवर जिल्ह्याचं भूषण म्हणाले. त्या मंडळाच्या २४ जर्सींचं बिल अकरा महिने झाले थकलेलं आहे. घरात शाली १९ झाल्यात. मी मोजल्या.

जरा हिशोब ऐका. कापड, कागद, शाई, शिलाई, वीज, हप्ता सगळं जाऊन ३०० रुपयांच्या जर्सीमागे आम्हाला ४८ रुपये सुटतात. एका संघाच्या १२ जर्सी, म्हणजे ३,६०० रुपये. ते बुडाले तर भरून काढायला ७५ जर्सी जास्तीच्या शिवाव्या लागतात. तुम्ही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणता, तेव्हा त्या ७५ जर्सी तीन बायका पाठ मोडून शिवत असतात.

आणि दादाला मागता येत नाही. मैदानात अंगावर येणाऱ्याला न घाबरणारा माणूस, पण "पैसे द्या" म्हणायला फोन उचलतो आणि खाली ठेवतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्याकडे पैसे कसे मागू, म्हणतो. आमची आई म्हणते भीड भिकेची बहीण, आणि या बाबतीत मी पूर्ण आईच्या बाजूची आहे. दिवाळीपासून मी नियम केला. अर्धे पैसे आधी, मगच कापड टेबलावर येतं. काही लोक रागावले. एकाने "लीग खेळला म्हणून माज आला" असं गटात लिहिलं. लिहू द्या.

ज्यांच्या घरात आज कुणी खेळतंय त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या करारासोबत रिटर्न भरा, कर शून्य बसत असला तरी भरा. थोडी रक्कम त्याच्या एकट्याच्या खात्यात राहू द्या, तिला विहिरीसाठी, लग्नासाठी हात लावू नका. हंगाम नसतो ते चार-पाच महिने त्याला कुठल्यातरी दुकानात, कारखान्यात, माल कसा येतो आणि पैसा कसा फिरतो ते बघायला पाठवा. गुडघा गेल्यावर नको, चांगला असताना. बॅडमिंटनच्या पुल्लेला गोपीचंदने अकॅडमीसाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. त्याच्याकडे गहाण ठेवायला घर तरी होतं. आपल्या पोरांच्या नावावर काय आहे ते आज रात्री जेवताना विचारा.

तात्या, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचा नातू वाचेल. त्याला सांगते, तात्यांना एकदा शेडवर घेऊन ये. दादा टेलर असता तरी मला लाज वाटली नसती. पण ते बघू दे त्यांना, तयार झालेली प्रत्येक जर्सी घडी घालायच्या आधी दादा दोन्ही हातांत धरून काखेत कशी ओढून बघतो. पकड करायचा तेव्हा चेहरा जसा व्हायचा ना, अगदी तसाच होतो.

येणं बाकी आज १,८६,०००. नावं ३१. नावं लिहू नको अशी दादाने शपथ घातली आहे, म्हणून लिहीत नाही, पण ज्यांची आहेत त्यांना सकाळी मी बिल आणि क्यूआर कोड दोन्ही पाठवलंय. सोमवारी सुरतेहून कापड येतंय. ट्रान्सपोर्टवाला रोखीशिवाय गाठोडं सोडत नाही.