लाल केळं भारी की पिवळं? आधी पाणी वगळा

"लाल केळ्यात साध्या केळ्यापेक्षा जास्त खनिजं" हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. सोबत रंगीत तक्ता: कुठल्या वाणात पोटॅशियम किती. आकडे खोटे असतीलच असं नाही. पण त्यातली खरी गोम कुणी सांगत नाही, ती म्हणजे पाणी.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे घ्या. नेहमीच्या पिवळ्या केळ्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 360 मिलिग्रॅम पोटॅशियम, तर भाजीच्या केळ्यात 500 च्या आसपास. वाटतं, केवढा फरक! पण पहिल्यात पाणी 75 टक्के, दुसऱ्यात 65. पाणी वगळून हिशेब मांडा, दोन्हींच्या कोरड्या गरात ग्रॅममागे साधारण 14 मिलिग्रॅमच निघतं. म्हणजे जिंकलं कोण? कुणीच नाही.

त्यात केळं पिकताना गर सालीतलं पाणी ओढून घेतो. पोटॅशियम तेवढंच, पण 100 ग्रॅममागचा आकडा उतरतो. मग हिरवट लाल केळं आणि पिकून डाग पडलेलं पिवळं केळं शेजारी ठेवून "वाणातला फरक" काढायचा, याला काय म्हणावं?

प्रयोगशाळेत गर वाळवून सुमारे 550 अंशांच्या भट्टीत जाळतात. 100 ग्रॅम गराची जेमतेम पाऊण ग्रॅम राख उरते. सगळी खनिजं त्या चिमूटभर राखेत, आणि त्यात निम्म्याच्या जवळपास एकटं पोटॅशियम. ते मुळांनी जमिनीतून उचललेलं. केळीचं झाड तर पोटॅशचं खादाड. त्यामुळे वाण खरंच वेगळे आहेत का हे बघायचं तर एकच जमीन, एकच खत आणि पिकण्याची एकच अवस्था हवी. तेव्हाही वाणावाणांत फरक सापडतात, नाही असं नाही. पण तक्त्याखाली यातलं काही लिहिलेलं असतं का?

लोहाचं तर बोलूच नका. 100 ग्रॅममागे पाव-अर्धा मिलिग्रॅम. एखाद्या वाणात दुप्पट निघालं तरी तरुण बाईच्या रोजच्या 18 मिलिग्रॅमच्या गरजेपुढे ते किती? ॲनिमियावर हे केळं, त्यावर ते केळं, हा निव्वळ फापटपसारा आहे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना मात्र हे मुद्दाम सांगायला हवं. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर तक्ता बघून "कमीवालं" वाण शोधत बसू नका. केवढं केळं आणि किती खायचं, ते त्यांनाच विचारा.