आगीनगाडीची जाहिरात करताय? मग हे फोटो निवडा

परवा दादरला एका टूरवाल्याच्या दुकानाबाहेर फ्लेक्स दिसला: 'वाफेच्या इंजिनाने माथेरान'. फोटोत दार्जिलिंगचं निळं इंजिन, तेही उलटं छापलेलं. नंबरप्लेट उजवीकडून वाचावी लागत होती. एवढा उत्साह वाया जाऊ नये, म्हणून तमाम जाहिरातवाल्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी.

गाडी कुठली, हे बघत बसू नका. माथेरानच्या दोन रुळांत २ फुटांचं अंतर, दार्जिलिंगच्याही २ फुटांचं, म्हणजे एकच की! उटीची गाडी मीटर गेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवर चालते, पण गिऱ्हाईक टेप घेऊन थोडंच येणार आहे? १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीतून वाफेची इंजिनं जाऊन चाळीसेक वर्षं झाली, तिथे आता डिझेल आहे, हे तर चुकूनही छापू नका.

धबधबा हवाच. धुकं, हिरवा डोंगर, मधून गाडी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) गाडी बंद असते आणि अमन लॉज-माथेरान एवढीच शटल चालते, ते लोकांना नेरळला पोचल्यावर कळेलच.

फोटो भर दुपारी बाराचा घ्या. ऊन डोक्यावर असलं की चाकं आणि ती फिरवणारे दांडे वरच्या फूटप्लेटच्या, म्हणजे इंजिनाच्या कडेच्या फळीच्या, सावलीत काळेठिक्कर पडतात. इंजिनाचं सगळं सौंदर्य तिथेच असतं, ते झाकलेलं बरं.

कॅमेऱ्याचं शटर १/२००० सेकंद ठेवा, म्हणजे धावती गाडीही यार्डात उभी वाटेल. १/३० किंवा १/६० ला कॅमेरा गाडीबरोबर फिरवून चाकं फिरती दाखवायची, ही नसती उठाठेव आहे.

आता धूर. धूर भरपूर हवा, आणि नसेल तर एआयकडून घालून घ्या. काळाकुट्ट घाला. काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, फायरमनने एकदम जास्त टाकलाय किंवा हवा कमी पडतेय, हे तुम्हाला कुणी विचारणार नाही. पांढरे लोट हवे असतील तर डिसेंबरातल्या सकाळी सातचा फोटो उचला आणि त्यावर मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं विका. वाफ मुळात दिसतच नाही. गार, दमट हवेत तिचे थेंब होतात ते दिसतात. मे महिन्याच्या दुपारी चिमणीच्या हातभर वर सगळं विरून जातं. आणि एआयचं तर काय सांगावं! गाडी डावीकडे पळतेय आणि धूर तिच्याही पुढे पळतोय. इंजिनाचा दांडा थेट डब्याच्या चाकाला जोडलाय. उटीच्या गाडीचं इंजिन चढावर पुढे लावलंय, वर धुराचा ढग. अहो, मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना ते इंजिन खालच्या टोकाला असतं, डबे वर ढकलतं! पुढे दिसलं तर गाडी उतरतेय, आणि उतरताना असले लोट निघत नाहीत. त्या वाटेवरच्या कल्लार स्टेशनपासून रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे, ती तर तुमच्या चित्रात पार गायब. कुन्नूरच्या पुढे एरवी डिझेलच. एवढं शोधायला पाच मिनिटं लागतात हो, पाच मिनिटं!

मोठ्या पोस्टरसाठी फोटो व्हॉट्सॲपवरूनच मागवा. १२ बाय १८ इंचाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. तिथून साधारण सोळाशेचा येईल, बाकीचे फ्लेक्सवाला ताणून देईल.

दारात लोंबकळून सेल्फी काढणारी पोरं जरूर दाखवा.

पुरे झालं. सरळ सांगते. हा निष्काळजीपणा नाही, ही फसवणूक आहे. म्हातारी माणसं, लहान पोरं फोटोतली गाडी मिळेल म्हणून पैसे भरतात. ज्या गाडीचं तिकीट विकताय तिचा, त्याच मोसमातला फोटो लावा, खाली ठिकाण आणि महिना लिहा. डिझेल असेल तर डिझेल दाखवा. माथेरानची वळणं त्यानेही सुंदरच दिसतात. रुळांवर उतरलेले लोक काढून टाका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि तुम्ही त्याचीच जाहिरात करताय. दार्जिलिंगच्या इंजिनावर पुढे बसून ओल्या रुळांवर हाताने वाळू टाकणारी दोन माणसं असतात, ती कधी एका तरी पोस्टरवर दिसलीत का? नाही, कारण तुम्ही बघितलेलीच नाहीत. आणि पहाटे दार्जिलिंगजवळच्या घूम स्टेशनच्या थंडीत उभं राहून कुणीतरी काढलेला फोटो गुगलवरून उचलता, त्याचं नाव कापता, त्याला हजार रुपये द्यायला तुमच्या जिवावर येतं. फ्लेक्सवाल्याला मात्र चौरस फुटाच्या भावाने रोख मोजता.