गूळ किती, ते मात्र सांगू नका

पाककृतींचं पुस्तक लिहायचंय म्हणता? लिहाच. त्यासाठी स्वयंपाक यायलाच पाहिजे असं काही नाही. आणि तुम्हाला येत असलाच, तर तो वाचणारीला येऊ नये एवढी काळजी घ्या.

ही अक्कल मला यंदा भोगीच्या दिवशी आली, संक्रांतीच्या शेंगापोळ्या, म्हणजे दाण्याचा कूट नि गूळ भरलेल्या पोळ्या, करायला घेतल्यावर. आणि पुस्तक कुठलं, तर माझं सगळ्यात लाडकं. पानापानाला हळदीची बोटं लागलेलं. त्यातून जे शिकले ते तुमच्या हाती देते.

माप नेहमी 'वाटी'त द्या. कुठली वाटी, ते वाचणारीनं ओळखावं. आमच्या फडताळात आमटीची वाटी आहे, वरणाची आहे, नैवेद्याची चिमुकली आहे, सासूबाईंच्या रुखवतातली कटोरी आहे. मापाचा कप २४० मिलीचा, त्यात साखर २०० ग्रॅम बसते आणि मैदा सव्वाशेच्या आसपास, असलं रुक्ष लिहून पुस्तकाची गोडी घालवू नका.

'रात्रभर भिजवलेली डाळ घ्या' हे वाक्य सहाव्या पायरीवर टाका. पाहुणे एक वाजता येणार असतात.

शेंगाचटणीला 'मिक्सरमधून काढा' म्हणा. उखळाचं नावही काढू नका.

भाकरीला दोन ओळी पुरे: 'लागेल तसे पाणी घालून पीठ मळावे. भाकरी थापावी.' मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी तिच्यावर तिसरी ओळ कशाला खर्च करायची? ज्वारीत ग्लुटेन नसतं, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापतानाच फाटते, अशा वेळी उकळतं पाणी घालून पीठ चिकट करून घ्यावं लागतं, हे शेजारच्या काकू सांगतीलच की.

फोटो कशाचाही चालतो.

आता गूळ. साहित्यात लिहा: 'शेंगदाण्याचा कूट २ वाट्या, गूळ पुरेसा.' पुरेसा! काय भारदस्त शब्द आहे. कुणाला पुरेसा, कशाला पुरेसा, विचारायची सोय नाही. गूळ कमी पडला तर सारण कोरडं राहतं, लाटताना कडेपर्यंत सरकत नाही, मध्येच ढीग होतो आणि पोळी फुटते. जास्त झाला तर तव्यावर पाघळतो, बाहेर येतो, करपतो, आणि मग प्रत्येक पोळीनंतर तवा खरवडत बसा. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही प्रकार झाले. खसखस, वेलची, भाजलेले तीळ, सगळं त्या काळ्या थरात गेलं. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, ते वेगळंच.

कूट किती बारीक, तेही लिहू नका हं. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, नाहीतर पातं तापून दाण्याला तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. कूट चाळून घ्यायचा, एक जाड कण राहिला तरी पोळीला भोक पडतं. चिक्कीचा गूळ घ्यायचा नाही. ही तीन वाक्यं. तीन! त्यांच्याऐवजी पुस्तकात काय आहे? लेखिकेच्या माहेरच्या अंगणातली तुळस. अर्धं पान तुळस! अहो बाई, तुळस सारणात घालायची आहे का?

नाही, आता सरळच बोलते. शेंगदाणे, गूळ, गॅस फुकट येत नाही. सणाच्या दिवशी घरात माणसं ताटावर बसलेली असतात. तुम्ही ही पोळी स्वतःच्या पुस्तकात बघून एकदाही केलेली नाही, हे दुसऱ्याच ओळीला कळतं. हाताला सवय असते म्हणून तुम्ही अंदाजे घालता, ठीक आहे. पण पुस्तक ती सवय नसणारीच विकत घेते ना? मग घाला तो गूळ एकदा वजनकाट्यावर! आईनं मला फोनवर एका दमात सांगितलं, दोन वाट्या कुटाला दीड वाटी किसलेला गूळ, वाटी तीच. तुम्हाला एवढ्या गुळगुळीत कागदावर तेवढं छापता आलं नाही? पुढच्या आवृत्तीत आकडा घाला. आणि शेंगापोळीच्या पानावर पुरणपोळीचा फोटो लावलाय, तो आधी काढा. सोलापुरात कळतं ओ ते.