पगाराला कर्जाने भागून सर्टिफिकेटची किंमत कळत नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक सल्ला फार सहज पुढे ढकलला जातो: चार वर्षांच्या डिग्रीच्या नादी लागू नका, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या, मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, कम्प्युटरचं वर्षभराचं सर्टिफिकेट करा. पुरावा म्हणून अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या वेबसाइटवरचे दोन आकडे दाखवतात. एक, सर्टिफिकेट मिळवलेल्यांची वर्षाची कमाई. दुसरा, त्यांच्यावरचं कर्ज. कमाई कर्जाच्या तिप्पट-चौपट दिसली की विषय संपला. वेबसाइट खरी आहे, आकडेही खरे आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कम्युनिटी कॉलेज ही मला अमेरिकेतली अतिशय मोलाची संस्था वाटते, म्हणूनच तिच्या नावावर खपवलेलं हे गणित खोडून काढायला हवं.

पहिला दावा असा, की तिथे शिकलेल्याला सरासरी एवढा पगार मिळतो. स्कोअरकार्ड 2015 साली आताच्या रूपात आलं आणि अभ्यासक्रमानुसार कमाईचे आकडे त्यावर 2019 पासून दिसू लागले. तो आकडा सरासरीचा नाही, मधल्या माणसाचा आहे. निम्मे लोक त्याच्या खाली आहेत. त्यातही मोजले जातात ते फक्त सरकारी मदत, म्हणजे पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी, परत न करायची मदत) किंवा फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज, घेतलेले विद्यार्थी. शिवाय ज्यांना काम आहे आणि जे पुढे शिकत नाहीत, तेवढेच. ज्याला नोकरीच लागली नाही तो या हिशेबात शून्य म्हणून येत नाही, तो येतच नाही.

कर्जाच्या आकड्यात आणखी वेगळी माणसं आहेत: ज्यांनी फेडरल कर्ज घेतलं आणि अभ्यासक्रम पूर्णही केला. कम्युनिटी कॉलेजातले बहुसंख्य विद्यार्थी फेडरल कर्ज घेतच नाहीत, ते या आकड्यात दिसत नाहीत. खाजगी कर्ज, क्रेडिट कार्डावर भरलेली फी, मेव्हण्याकडून घेतलेले पैसे, हेही दिसत नाहीत. आणि अर्ध्यात सोडून गेलेले तर अजिबात नाहीत. फेडरल कर्ज थकण्याचं प्रमाण छोट्या रकमांच्या कर्जात जास्त असतं, कारण त्यातले बरेच जण सर्टिफिकेट न घेताच बाहेर पडलेले असतात. कमाईचा आकडा एका गटाचा, कर्जाचा दुसऱ्याच गटाचा. त्यांचा भागाकार करून हाती काही लागत नाही.

दुसरा दावा मला सर्वात घातक वाटतो: कमाई कर्जाच्या कितीतरी पट, म्हणजे फायदा. समजा कर्ज 8,000 डॉलर आहे. 2025-26 मधल्या 6.39 टक्के दराने दहा वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता साधारण 90 डॉलर, एकूण परतफेड 10,850 च्या आसपास. एवढा हप्ता बहुतेक कोणत्याही पूर्णवेळ पगारातून निघतो, अगदी गोदामात खोकी उचलणाऱ्याच्याही. मग कर्ज झेपतंय, यातून सर्टिफिकेटबद्दल काय सिद्ध झालं? काहीच नाही. विचारायला हवं ते हे, की सर्टिफिकेट नसतं तर हाच माणूस किती कमावत असता?

समजा, कोणी आधीच वर्षाला 38,000 मिळवतो आणि सर्टिफिकेटनंतर 42,000. त्याचा लाभ 42,000 नव्हे. 4,000 आहे, तोही कर जाण्याआधीचा. वर्षभर संध्याकाळच्या शिफ्ट सोडल्या असतील तर ते बुडालेले पैसे त्यातूनच वजा होतात. 28,000 वरून 42,000 वर गेलेल्या बाविशीतल्या मुलीसाठी मात्र तेच सर्टिफिकेट आयुष्य बदलणारं आहे. स्कोअरकार्डवरचा मधला आकडा दोघांना एकच उत्तर देतो.

खुद्द सरकारही नुसत्या कर्जाच्या प्रमाणावर थांबलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नियमात दोन कसोट्या ठेवल्या गेल्या. वर्षाचा कर्जाचा हप्ता कमाईच्या 8 टक्क्यांपेक्षा (किंवा गरजा भागवून उरलेल्या कमाईच्या 20 टक्क्यांपेक्षा) जास्त नसावा, ही एक. दुसरी म्हणजे, सर्टिफिकेटवाल्यांची कमाई त्याच राज्यातल्या, फक्त हायस्कूल झालेल्या 25 ते 34 वयाच्या लोकांपेक्षा जास्त असावी. वरच्या उदाहरणातला हप्ता वर्षाला 13,600 डॉलर कमाईवरही पहिल्या कसोटीत पास होतो. खरी परीक्षा दुसरी आहे, आणि फिरणाऱ्या सल्ल्यात तिचा उल्लेखही नसतो.

‘कम्प्युटर म्हणजे कम्प्युटर, पगार चांगलाच’ हे थोडक्यात निकाली निघतं. अमेरिकी कामगार खात्याच्या आकड्यांत सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मधला पगार 1,30,000 च्या वर आहे, पण त्या कामासाठी साधारणपणे बॅचलर्स डिग्री लागते. सर्टिफिकेटवर जी दारं सहज उघडतात ती हेल्प डेस्क आणि युजर सपोर्टची. तिथला मधला पगार 60,000 च्या आसपास असतो, आणि तो अनुभवी लोक धरून.

आता एच-4 वर, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्यांबद्दल, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त त्यांनाच ऐकवला जातो. एच-4 वर शिकता येतं, हे खरं. पण पेल ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही. म्हणजे स्कोअरकार्डच्या कमाईत आणि कर्जात तुमच्यासारखं कोणी नाहीच. नोकरीची परवानगी 2015 च्या नियमाने मिळते, पण मुख्यतः जोडीदाराचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तरच. ती परवानगी नसेल तर सर्टिफिकेटनंतरची कायदेशीर कमाई शून्य. पुण्याहून बी.ई. करून आलेल्या, मध्ये काही वर्षं घरी राहिलेल्या बाईला माझ्या मते अख्ख्या सर्टिफिकेटची गरज अनेकदा नसतेच. नेमके दोन कोर्स पुरतात.

या सगळ्यावरून कम्युनिटी कॉलेज टाळा असं कोणी म्हणू नये. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) 46 डॉलर पडतात. 18 युनिटचं सर्टिफिकेट 828 डॉलरमध्ये होतं, पुस्तकं वेगळी. राज्याबाहेरचा ठरलात तर फी कैकपट होते, म्हणून तुमच्या व्हिसावर रहिवासी धरतात का, हे कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला आधी विचारा. तिथेच दुसरा प्रश्नही विचारून घ्या: हे कोर्स क्रेडिटचे, म्हणजे डिग्रीसाठी मोजले जाणारे, आहेत का, आणि ते जवळच्या सरकारी विद्यापीठाच्या डिग्रीत कोणत्या विषयांऐवजी धरले जातात? उत्तर लेखी मागा. नुसतं ‘ट्रान्सफर होतं’ एवढं ऐकून फी भरू नका, कारण मोकळे इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरलेले क्रेडिट डिग्रीचे मुख्य विषय कमी करत नाहीत.