आजीचा आवाज परत द्या

व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवून देणारे दुकानदार मूळ आवाज पुसून त्यावर सनई का चढवतात, हे मला आजवर उमगलेले नाही. १९९१ सालच्या मुंजीच्या कॅसेटमध्ये मातृभोजनाच्या वेळी आजी बोलते, तिचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला आहे, आणि तो जसाच्या तसा हवा असे लिहून देऊनही तिसऱ्या दुकानातूनसुद्धा सनईच आली. शिवाय घाईने तीन कॅसेटी ४.७ जीबीच्या एकाच डीव्हीडीत कोंबल्यामुळे माणसांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळले आहेत. दर पावसाळ्यात फितीवर बुरशी वाढते, ती चालवणाऱ्या व्हीसीआर यंत्रांचे उत्पादन २०१६ सालीच थांबले, आणि प्रत्येक वेळी चालवताना ती फीत आणखी झिजते, हे या लोकांना ठाऊक नसेल का?